पाण्याखालचं चिंचेचं खोड

चिंधूभाऊ, सध्या सगळे तुमच्याबद्दल गोड बोलतायत. डिंभ्याच्या चहाच्या टपरीवर, काठावर जाळी दुरुस्त करत बसलेल्या माणसांत, जीपच्या ड्रायव्हरांत, जिथं जावं तिथं 'देवमाणूस गेला' एवढंच ऐकू येतं. मी मान डोलावते आणि पुढं जाते. मला अजून तुमच्याशी भांडायचंय. तुमचा दहावा झाला, तेरावा झाला, पाहुणे आपापल्या घरी गेले, आणि माझं भांडण तसंच शिल्लक राहिलंय. म्हणून हे लिहायला बसलेय. तुम्ही काही हे वाचणार नव्हताच. माझे साधे मेसेजही तुम्ही तुमच्या मुलाकडं, संतोषकडं, पाठवून 'ताईंनी काय लिवलंय बघ' म्हणून विचारायचा.

लोक मला विचारतात, तुमचं आणि चिंधूभाऊंचं नातं काय? काय सांगायचं? मी राजुरीची, तुम्ही धरणापलीकडच्या वाडीचे. मी जुन्नरची लेणी दाखवणारी, तुम्ही लाँच चालवणारे. पुण्याहून दहा-बाराजणांचा गट यायचा, बहुतेक निवृत्त झालेली माणसं. पहिल्या दिवशी मी त्यांना लेण्यांच्या पायऱ्या चढवून दमवायची, दुसऱ्या दिवशी सकाळी डिंभ्याला आणून तुमच्या ताब्यात द्यायची. मग दिवसभर पाणी. एका काठाला उतरून हिरड्याची झाडं बघायची, दुसऱ्या काठाला तुमच्या वाडीत नाचणीची भाकरी आणि खुरासणीची चटणी खायची, पाणी उतरलेलं असलं तर वर आलेलं जुनं दगडी देऊळ बघायचं, आणि ऊन कलायच्या आत परत. मी जाहिरातीत 'जलसफर' असा शब्द घातला होता. तो ऐकून तुम्ही केवढे हसलात. 'जलसफर कशाची ताई, बाजारची लाँच हाय ही. काल हिच्यात शेळ्या व्हत्या.'

आणि खरंच असायच्या. तुम्ही पहाटे लाँच घासूनपुसून लख्ख करायचा, पण शेळीचा वास तो, जातो थोडाच. एका काकूंनी नाकाला रुमाल लावला, तर तुम्ही सुकाणूवरून मान न वळवता म्हणालात, 'त्यांनीबी भाडं दिलं व्हतं, काकू.' त्या काकू सगळ्यांत जास्त हसल्या. जाताना त्यांनी तुमच्याबरोबर फोटो काढून घेतला, तुम्ही ताठ उभे, जणू आमदार.

आपली वाटणी तुम्हीच ठरवली होती. पहिल्या खेपेला मी तुम्हाला म्हटलं, भाऊ, या पाण्याखाली तुमचं गाव आहे, तुम्हीच सांगा की लोकांना. मी पुस्तकातलं सांगणार, तुम्ही पाहिलेलं सांगाल. तुम्ही माइक हातात घेतला, उलटसुलट करून बघितला, आणि मला परत दिलात. 'ताई, तुमी वरचं सांगा. खालचं मी बघतो.'

मला ते आवडलं होतं. वाटलं, काय छान बोलला माणूस. नंतर मी ते चारचौघांत सांगत फिरले. आता तेच वाक्य आठवलं की डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं.

तेव्हापासून मी वरचं सांगत राहिले. लाँच जुन्या गावावर आली की माइक सुरू करायची. सांगायची की इथं खाली गाव आहे, गल्ल्या आहेत, विहीर आहे. पाणी चढायला लागलं तेव्हा माणसांनी घरांचे वासे काढले, दारं चौकटींसकट उचलली, दळायची जाती डोक्यावर घेऊन डोंगर चढले, आणि देव वाजतगाजत वरच्या वाडीत नेले. तुम्ही पाठमोरे असायचा. कुणी मुद्दाम विचारलंच, 'तुमचं घर कुठं होतं हो?' तर तुम्ही हनुवटीनं पाण्याकडं खूण करायचा. 'व्हतं हितंच कुठंतरी.' बस्स. मी चिडायची. माणसाला स्वतःचं घर कुठंतरी असतं होय?

आणि मग यायचं ते वळण. उजवीकडच्या डोंगराची पांढरी दरड बरोबर आपल्यासमोर आली की तुमचा हात सुकाणूवर सरकायचा. एवढं मोकळं पाणी, पुढं ना होडी ना खडक, आणि आपली लाँच डावीकडं मोठा वळसा घेऊन पुन्हा होती त्या रेषेत यायची. जाताना तसंच, येताना तसंच. पहिल्यांदा एका आजोबांनी विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, 'खाली चिंचेचं खोड हाय. पंखा अडकतो.' दुसऱ्या वेळी दुसऱ्यांना तेच. माझं बोलणंही मग त्या वळणावर बेतलं गेलं. गावाची गोष्ट दरड यायच्या आत संपवायची, लाँच वळायला लागली की चिंचेचं सांगायचं. 'आमचे कॅप्टन अजून गावातली झाडं चुकवतात,' असं मी म्हणायची आणि लोक हसायचे. तुम्हीही हसायचा. मला शपथेवर सांगता येईल, तुम्हीही हसायचा.

मग एकदा डिंभ्याच्या एका मच्छीमाराशी बोलताना मी सहज त्या खोडाचा विषय काढला. तो म्हणाला, 'कसलं खोड? आमी तिथं जाळं टाकतो की. साफ हाय सगळं.' मी त्या दिवशी तुम्हाला गाठलंच. तुम्ही इंजिनात डिझेल ओतत होता. मी म्हटलं, भाऊ, मला सरळ सांगा, खोड आहे का नाही? तुम्ही म्हणालात, असंल. मी म्हटलं, असेल म्हणजे? उन्हातान्हात माणसं ताटकळतात, डिझेल जळतं, आणि मी माइकवर धडधडीत खोटं सांगते, ते कशासाठी? तुम्ही कॅनचं झाकण लावलंत, हात फडक्याला पुसलेत. 'सरळ जायाची सवं न्हाई मला तिथनं.' एवढं म्हणून तुम्ही निघून गेलात. त्यानंतर आपण दोन-तीन वेळा तरी यावरून भांडलो, आणि दर वेळी तुम्ही त्या फडक्याला हात पुसत निघून गेलात. ते भांडण अजून मिटलेलं नाही, भाऊ.

तशी तुमच्याशी भांडायला मजा यायची. मी बौद्ध घरातली, तुम्ही पाण्यात उतरतानाही नदीला हात जोडणारे. लेण्यांत तुम्ही एकदाच आलात, गटाबरोबर, माझ्या आग्रहावरून. सगळं बघून झाल्यावर म्हणालात, 'लई गार हाय. हितं माणूस गप्प बसतं. आमच्या देवाला गलका लागतो.' मी म्हटलं, गप्प बसायची सवय तुम्हाला जास्त, देवाचं कशाला नाव घेता? तेव्हाही तुम्ही हसलात.

माझी आई गेली त्या वर्षी मी महिनाभर कुठंच गेले नव्हते. गट रद्द केले, फोन उचलायची नाही. तुम्ही मात्र दर दोन-तीन दिवसांनी फोन करायचा आणि एकच सांगायचा, 'पाणी हाय तिथंच हाय ताई. कवाबी या.' सांत्वनाचा शब्द नाही, चौकशी नाही. मी आले तेव्हा लाँच गावावर आली आणि माझ्या घशातून आवाज फुटेना. तुम्ही संतोषला सुकाणू धरायला सांगून उठलात, माझ्या हातातून माइक घेतलात आणि बोलायला लागलात. काय ते बोलणं! हिरड्याचं सांगायला गेलात ते शेळीच्या आजारावर पोचलात, तिथून एसटीच्या टायमावर. पुण्याची माणसं मन लावून ऐकत होती. संतोषनं लाँच कडेकडेनं, काठाला धरून नेली, कारण तुम्ही त्याला तसं बजावलं होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी रडत होते, आणि तुम्ही मला रडायला वेळ काढून दिला होता. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आज मानते.

तुमच्या नावाची गोष्टसुद्धा तुम्ही जेवणाच्या पंगतीत अशीच हसत सांगायचा. तुमच्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत. म्हणून तुम्ही जन्मलात तेव्हा आईनं तुम्हाला सुईणीच्या ओटीत टाकलं आणि एक चिंधी देऊन परत घेतलं, म्हणजे मरणाला वाटावं की या पोराची किंमत ती काय. 'चिंधीवारी मिळालेला माणूस हाय मी,' असं म्हणून तुम्ही आणखी एक भाकरी मागायचा.

सुंदरावहिनी ही गोष्ट सुरू झाली की चुलीपासून उठून आत जायच्या. ते मी कितीदा तरी पाहिलं होतं. तुमच्या बायकोबद्दल मला आणखी एका गोष्टीचं नवल वाटायचं. नावाड्याची बायको, पण लाँचमध्ये कधी पाय ठेवायची नाही. बाजाराला जायचं झालं तरी डोंगरातून चालत वरच्या रस्त्याला जायच्या आणि एसटीची वाट बघत बसायच्या. एसटी आली तर आली. मी एकदा थट्टेनं म्हटलं, वहिनी, घरचीच लाँच, तुम्हाला भाडंही पडायचं नाही. त्या म्हणाल्या, 'मला पाणी लागतं.' मळमळतं, असं मी समजले.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी आपण फोनवर बोललो होतो. रविवारच्या गटात एक बाई गुडघ्यांच्या आजाराच्या आहेत, त्यांच्यासाठी चढा-उतरायची फळी जरा रुंद टाका, असं मी सांगत होते. तुम्ही म्हणालात, 'टाकतो. तुमी नका काळजी करू.' ते आपलं शेवटचं बोलणं, फळीबद्दलचं. दुसऱ्या दिवशी दुपारी संतोषचा फोन. छातीत कळ आली, लाँच काठाला लावलीत, दोर खुंटीला बांधलात आणि तिथंच बसलात. जीपनं घोडेगावपर्यंत पोचलात, पुढं मंचरला न्यायची गरजच उरली नाही. लोक म्हणतात, दोर बांधून गेला, जबाबदार माणूस. मला त्यात काही कौतुक वाटत नाही. दोर बांधण्याऐवजी हाक मारली असती तर?

दहाव्याला मी पांढरी फुलं घेऊन आले. आमच्याकडं पिंड नाही, कावळा नाही, हे तुम्हाला माहीत होतं, आणि त्यावरून तुम्ही मला चिडवायचा की तुमच्यात माणसाची इच्छा राहिली तर कळणार कसं. तर ऐका. तुमच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. पान ठेवून माणसं मागं सरायच्या आत. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. भावकीतले एक म्हातारे म्हणाले, 'काय ऱ्हायलं न्हाई चिंधूचं. मोकळा गेला.' मला ते पटलं नाही. कावळ्याला भूक लागली असेल.

कारण राहिलं होतं की. तुम्हीच संतोषला कधीतरी सांगून ठेवलं होतं की माझी राख जुन्या गावावर, देवळापाशी पाण्यात सोडा आणि तुझ्या आईच्या हातानं सोडा. सावडल्यापासून राखेचं गाडगं वाडीबाहेरच्या झाडाला टांगलेलं होतं. दहाव्याच्या दिवशी ते खाली उतरवलं, लाँच तयार केली, आणि वहिनी घरातून बाहेर येईनात. संतोष सांगून दमला. तुमची बहीण रडली. भावकी चिडली. 'आता काय, मेल्याचं तरी ऐक की,' असं एकजण दारातून ओरडला. शेवटी संतोष माझ्याकडं आला. 'ताई, तुमी बघा बोलून. आई आली न्हाई तर आण्णांचं काय खरं न्हाई.'

मी आत गेले. वहिनी चुलीपाशी बसल्या होत्या, चूल विझलेली. मी म्हटलं, 'वहिनी, पाणी लागतं म्हणून घाबरू नका. माझ्याकडं गोळी आहे.'

त्यांनी माझ्याकडं बघितलं. 'तसलं पाणी न्हाई लागत मला, ताई. माझी पोर हाय खाली.'

भाऊ, मला काही कळेचना. मग त्या बोलल्या. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. पहिली मुलगी. पाचवी पुजून झाली होती, बारसं व्हायचं होतं, मधेच ताप आला. नाव ठेवलेलंच नव्हतं. तान्हं मूल जाळत नाहीत म्हणून तुम्ही तिला ओढ्याकाठी, जांभळीखाली पुरलंत. वर धोंडे रचलेत, कोल्ह्यानं उकरू नये म्हणून काटेरी फांदी दाबून ठेवलीत. आणि त्याच वर्षी गाव उठायला लागलं.

'सगळे घराची लाकडं न्हेत व्हते,' वहिनी म्हणाल्या. 'देव न्ह्यायला ताशा लावला व्हता. हे मला म्हनले, देव चाललेत तर हिलाबी घेऊन जाऊ. वर वाडीत ठेवू. म्हातारी मानसं म्हनली, असं उकरायचं नसतं. मीबी न्हाई म्हनले. मी कशी बघनार व्हते, ताई? मग पाणी आलं. त्यानंतर हे तो विषय बोलले न्हाईत, मी बोलले न्हाई.'

मी विचारलं, 'आणि लाँच?'

'बाकीची मानसं खाली बागायतीवर कामाला गेली. हे लाँच घेऊन त्याच पान्यावर. रोज तिच्या अंगावरनं जातात, आन् सांच्याला येऊन माझ्या हातचं खातात. म्हनून मी कंदी बसले न्हाई. मानूस वाईट न्हवता, ताई. पन हे मला कंदी गिळता आलं न्हाई.'

मी त्यांच्याजवळ खाली बसले. बाहेर पुन्हा कुणीतरी ओरडलं. मग वहिनीच उठल्या, हात धुतले, पदर डोक्यावरून ओढून घेतला. 'दुसऱ्या कुनाच्या हातानं नको जायला. तुमी माझ्या शेजारी बसा.'

तुमच्या लाँचमध्ये तुमची बायको पहिल्यांदा बसली ती अशी, मांडीवर तुमचं गाडगं घेऊन. पदर तोंडावर. सुकाणूला संतोष. चाकणच्या कंपनीतून रजा काढून आलेला, लाँच चालवायची माहिती असलेला, पण तुमच्यामागं कधी एकट्यानं खेप न केलेला. पाठीमागं भावकीतले चार-पाचजण. संतोषनं लाँचचं नाक देवळाच्या दिशेला धरलं आणि सरळ निघाला.

वहिनी पदराच्या फटीतून डोंगर बघत होत्या. पाणी त्यांना ओळखीचं नव्हतं, डोंगर होते. गाव उठेपर्यंत त्यांनी ते खालून, शेतात उभं राहून पाहिले होते. एकाएकी त्यांनी माझं मनगट पकडलं. एवढं घट्ट की बांगडी रुतली. 'आली,' त्या म्हणाल्या. 'दरड समोर आली. ओढा हितंच. आता जानार हिच्यावरनं.' आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी वर बघितलं. पांढरी दरड. बरोबर समोर.

मी एवढ्यांदा ओरडले की मागचे उठून उभे राहिले. 'संतोष, वळव! डावीकडं घे! डावीकडं!' पोरगं भांबावलं, पण हात चालला त्याचा. लाँच कलली, गाडगं वहिनींनी पोटाशी धरलं, आणि आपण वळलो. तोच वळसा, भाऊ. मला तो पाठ होता. किती वेळ डावीकडं राहायचं, कुठल्या झाडापासून परत फिरायचं, सगळं. माझं बोलणंच त्याच्यावर बेतलेलं होतं ना.

मग मी वहिनींना सांगितलं. कसं सांगितलं ते नीट आठवत नाही. एवढं म्हटलं की डोळे उघडा, आपण तिच्यावरून गेलो नाही. भाऊ इथून कधीच सरळ गेले नाहीत. माणसं असोत, शेळ्या असोत, दर खेपेला असाच वळसा घ्यायचे. मी भांडायची तरी घ्यायचे.

त्यांनी पदर मागं केला. 'चिंचेचं खोड चुकवतात म्हनून ऐकलं व्हतं मी. बाजाराहून येनारी मानसं सांगायची. मला वाटलं, देवळामागची चिंच.' मग म्हणाल्या, 'हितं चिंच कवा व्हती? हितं जांभूळ.'

मागच्या बाकावरचे भावकीतले म्हातारे खाली बघत होते. वळशाचं खरं कारण त्यांना माहीत होतं, मला त्यांच्या मानेवरूनच कळलं. संतोष सुकाणू धरून आईकडं वळून बघत होता. आपल्याला एक बहीण होती, हे त्याला तिथं कळलं, वडलांची राख पोचवताना.

वहिनींनी लाँच थांबवायला लावली. म्हाताऱ्यांतला एकजण म्हणाला की चिंधूनं देवळापाशी सांगितलं होतं. वहिनींनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. गाडग्याचं फडकं सोडलं, लाँचच्या उजव्या कडेला गेल्या, आणि सगळी राख तिथं सोडली. ती थोडा वेळ वर तरंगली, मग वाऱ्यानं आतल्या बाजूला सरकत गेली, जिथं तुम्ही कधी लाँच नेली नाहीत तिकडं. वहिनी वाकून म्हणाल्या, 'जावा. घ्या तिला.' माझी पांढरी फुलं मी त्याच पाण्यावर ठेवली.

आता माझं ऐका. एक वाक्य होतं ते, चिंधूभाऊ. रात्री जेवताना, भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणायचं होतं, मी तिच्यावरून जात नाही गं. एवढंच. त्या एका वाक्यावाचून ती बाई जन्मभर एसटीची वाट बघत उन्हात बसली, आणि रोज तुम्हाला वाढताना मनात कुढत राहिली. तुम्हाला दिसत नव्हतं का, ती लाँचमध्ये का बसत नाही? का तुम्ही धरून चालला होता की तिला कळतं? मी किती विचार केला तरी मला याचं उत्तर सापडत नाही, आणि तुम्ही फडक्याला हात पुसत निघून गेला आहात, कायमचे. मला तुमचा राग येतो. तुमच्या त्या हसण्याचा सगळ्यांत जास्त येतो. मी माइकवर चिंचेचा विनोद करायची आणि तुम्ही हसायचा, पाठमोरे. तोंड कुणाला दिसायचं तुमचं?

आणि त्याच वेळी वाटतं, एवढ्या वर्षांत एकदाही सरळ न जाणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. घाईत नाही, पावसात नाही, पाठीमागं मी भुणभुण करत असताना नाही. मी लेण्यांत उभी राहून लोकांना निष्ठा, करुणा असले मोठमोठे शब्द सांगते. ते शब्द सांगताना यापुढं माझ्या डोळ्यांसमोर तुमची पाठ येणार आहे. त्याला माझा इलाज नाही.

संतोष चाकणला परत गेला नाही अजून. रजा वाढवलीय. पुढचं पुढं, म्हणतो. त्यानं परवाच्या रविवारी त्या पुढं ढकललेल्या गटाची खेप केली. गुडघ्यांच्या आजाराच्या बाई आल्या होत्या, तुम्ही ठरवलेली रुंद फळी टाकली, त्या सुखरूप उतरल्या. वाडीत जेवण झालं. भाकऱ्या दुसऱ्या बायकांनी थापल्या, तुमच्या नावाची गोष्ट कुणी सांगितली नाही. परत निघताना वहिनी काठावर उभ्या होत्या, हातात पिशवी. फळीवरून आल्या आणि मागं, इंजिनाजवळ बसल्या. कुठं निघाल्या, मी विचारलं नाही. बाजाराचा वारही नव्हता.

गावावर आलो. मी माइक घेतला आणि वासे, चौकटी, जाती, देव, सगळं नेहमीसारखं सांगितलं. दरड समोर आली. संतोषचा हात सरकला, मी सांगायच्या आधीच. लाँच वळली. आणि गटातले एक टोपीवाले गृहस्थ, आधीच उन्हानं वैतागलेले, मोठ्यानं म्हणाले, 'अहो, सगळं पाणी मोकळं आहे, मग हा फेरा कशाला?'

संतोषनं माझ्याकडं बघितलं. मी वहिनींकडं बघितलं. त्या कडेला रेलून पाण्याकडं बघत होत्या, आणि त्यांनी हळूच मान हलवली, नाही म्हणून.

'खाली चिंचेचं खोड आहे,' मी माइकवर सांगितलं. 'पंखा अडकतो.'